गुलाबरावांचे डोळे आणि तरोट्याची भाजी

चामोर्शी,
रविवार, ८ फेब्रुवारी १९८७

तीर्थस्वरूप मनकर्णाबाईस,
तुझ्या धाकट्या बहिणीचा, सत्यशीलेचा, मनापासून जयभीम.

तुझ्या गुडघ्याचं सध्या काय म्हणणं आहे? तुझ्या श्रीहरीला पोलिस स्टेशनातली दिवसाची ड्युटी मिळाली का? सुनेची, म्हणजे आपल्या कांताची, कंबर धरली होती ती सुटली का? आणि यंदाचा धान मळून एकदाचा घरात आला का? हे सगळं आधीच विचारून घेते, कारण एकदा मी माझ्या घरचं सांगायला बसले की मला तुमच्यापैकी कोणाची कंबर आठवायची नाही. इकडे आम्ही दोघं सुखरूप आहोत. (पत्रात असंच लिहायचं, हे मी चौथीच्या पोरांना वर्षानुवर्षं शिकवलं. सुखरूप नसलेल्या माणसानं काय लिहावं, ते पुस्तकात दिलेलं नव्हतं.)

तुझं पत्र मिळालं. त्यात तू विचारतेस की, गुलाबरावांचा मोतीबिंदू पालेभाजी खाऊन विरघळला असं आमच्याकडे ऐकू आलं, ते खरं का, आणि खरं असेल तर भाजी कोणती ते लिहावं. बाई, ही बातमी नागभीडपर्यंत कोणी नेली ते मी न विचारता सांगू शकते. लच्छूभाऊंनी. आमचे हे एसटी चालवायचे तेव्हा मागे घंटी वाजवायला लच्छूभाऊ असायचे, आणि रिटायरही दोघं बरोबरच झाले. जन्मभर तिकिटं फाडली, आता हात रिकामे म्हणून बातम्या वाटत फिरतात. तेव्हा खरं काय झालं ते मी तुला पहिल्यापासून सांगते. थोडं लांबेल. चहा घेऊन बस.

आपल्या घरच्या या जावयाला, म्हणजे गुलाबरावांना, स्वतःच्या डोळ्यांचा केवढा अभिमान, ते तुला ठाऊक आहे. दुसऱ्यांचे नवरे मिशीवर ताव देतात, हे डोळ्यांची तारीफ करतात. अहेरीकडच्या जंगलातल्या रस्त्यानं उभी नोकरी काढली, पण गाडीखाली कधी कोंबडी आली नाही. (आली असती तर यांनी सांगितलं नसतं, पण लच्छूभाऊंनी सांगितलंच असतं.) सागाच्या बुंध्याआड उभं असलेलं चितळ यांना वळणाच्या अलीकडूनच दिसायचं, असं हे म्हणतात, आणि मीही मान डोलवते. अशा माणसाच्या डोळ्यांवर धुकं चढायला लागलं तेव्हा त्याचा दोष त्यांनी डोळे सोडून बाकी सगळ्यांना दिला. पेपरवाल्यांनी शाई पातळ केली. विजेच्या बोर्डानं उजेड कमी केला. मी बल्ब पुसत नाही. चंद्राला आजकाल दोन दोन कडा असतात, हे शास्त्रज्ञांनी लोकांपासून लपवून ठेवलं आहे. शेवटी मी त्यांना हाताला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बॅटरीचा उजेड डोळ्यात मारला आणि म्हणाले, मोतीबिंदू आहे, थोडा पिकला की ऑपरेशन करू. ऑपरेशन हा शब्द ऐकल्याबरोबर हे उठले आणि सरळ घरी चालत आले. चपला दवाखान्याच्या दारातच राहिल्या. त्या मी हातात घेऊन मागून आले.

मग आषाढात एका सकाळी रेडिओ लागला होता. एक बाई फार छान सांगत होत्या. हिरव्या पालेभाज्यांमध्ये असं काही सत्त्व असतं की त्यातून आपलं शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं, ते डोळ्यांना फार लागतं, ते कमी पडलं तर अंधारात दिसेनासं होतं, आणि वय झालेल्या माणसांनी तर भाजी मुळीच टाळू नये, कारण या वयात जेवण कमी होतं, दात पडतात, माणूस नुसता वरणभातावर राहतो, म्हणून ज्यांना मोतीबिंदू आहे त्यांनी... आणि इथे आमच्या रेडिओचे सेल संपले. यांनी रेडिओला थोपटलं, दोन चापट्या मारल्या, सेल काढून उन्हात ठेवले. काही उपयोग झाला नाही. बाई पुढे काय म्हणाल्या ते आजपर्यंत आम्हाला कळलेलं नाही. यांनी मात्र ते वाक्य आपल्या मनानं पूर्ण करून टाकलं, आणि दुपारपर्यंत लच्छूभाऊंना सांगताना ते 'रेडिओवर सांगितलं' असं झालेलं होतं.

त्या दिवसापासून आमच्या घरात जे हिरवं राज्य सुरू झालं ते काही विचारू नको. सकाळी उठल्यावर मुनग्याच्या (पुस्तकातल्या शेवग्याच्या) पाल्याचं पाणी. जेवायला तरोटा, पुस्तकातला टाकळा. संध्याकाळी अंबाडी. पोळीत मेथी, वरणात चुका, आणि भातात काय घालावं ते न सुचल्यामुळे भाताशेजारी पातेलंभर चवळाई. पाऊस जरा उघडला की हे पिशवी घेऊन रस्त्याच्या कडेनं तरोट्याचे कोवळे शेंडे खुडायला निघायचे. बाई, मी भाजीच्या विरोधात नाही. आपल्या मायनं आपल्याला तरोट्यावरच वाढवलं, आणि लाखोरीची कोवळी भाजी लसणाच्या फोडणीत असली तर मी आजही दोन घास जास्त खाते. पण यांनी फोडणीच बंद केली! तेलानं पाल्याची ताकद मरते, असा शोध लावला. (हा मात्र रेडिओवरचा नाही, स्वतःचा.) नुसतं उकडायचं आणि मीठ घालून खायचं. त्याचा डोळ्यांवर काय परिणाम झाला ते मला सांगता येत नाही, पण पोटावर झालेला परिणाम आमच्या अख्ख्या आळीनं पाहिला, कारण दिवसभर हे हातात लोटा घेऊन घाईघाईनं जाताना दिसायचे, आणि त्या घाईतही कोणी भेटलं की त्याला पालेभाजीचं महत्त्व सांगायला थांबायचे.

आता ज्याला दिसत नाही त्यानं भाजी खुडायला जाऊ नये, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. पहिल्या आठवड्यात तरोट्याबरोबर गाजरगवत आलं. ते मी गुपचूप निवडून उकिरड्यावर टाकलं आणि बाजारातली चवळाई त्यात मिसळली. (त्या दिवशी म्हणाले, आज भाजी पहिल्यांदाच गोड लागली, माझी नजर सुधारून राहिली आहे.) पण भाद्रपदात एकदा पिशवीत अशी काही हिरवीगार, नाजूक, सारखी वाढलेली रोपं आली की मलाही ओळखता येईनात. नाकाशी धरली तेव्हा वासानं ओळखलं. मी पिशवी लपवायला जाणार तेवढ्यात शेजारची बायनाबाई कमरेवर हात ठेवून दारात उभी. तिनं दसऱ्यासाठी अंगणात झेंडूचा वाफा केला होता.

“सत्यशीलाबाई, माहा झेंडू कोणं उपटला वं?”

हे आतून मोठ्या आवाजात म्हणाले, “झेंडू? मी त बांधावरची भाजी आणली.”

“बांध नाई तो, माहं अंगण हाय! मी समोर उभी होतो, तुमी माह्याकडं पाहून हासले, अन् उपटत राह्यले. मले वाटलं, मोठा मानूस हाय, काही कामाचंच करून राह्यला असन.”

ती उभी होती आणि हे हसले, ते तिला पाहून नाही गं. यांना तिथे काहीतरी उभं दिसलं, ते माणूस आहे की खांब हे कळेना, म्हणून सावधगिरीनं हसून ठेवलं होतं. हे त्यांनी मला रात्रीच्या जेवणाला सांगितलं, आणि सांगून झाल्यावर म्हणाले की झेंडूची पानंसुद्धा हिरवीच असतात, तेव्हा वाया घालवू नकोस.

तेव्हा मी त्यांची परीक्षा घ्यायचं ठरवलं. (मास्तरकी संपली तरी हात शिवशिवतात.) भिंतीवरचं कॅलेंडर हे रोज सकाळी पाहुण्यांच्या देखत मोठ्यानं वाचायचे, तारीख, वार, पौर्णिमा कधी, सगळं. आणि मग म्हणायचे, पहा, भाजीनं काय होते ते. मी महिना उलटल्यावर पान उलटलंच नाही. उलट कॅलेंडरच काढून त्या जागी तेलाच्या कंपनीचं एक चित्र लावलं, नुसता मोर, एकही अक्षर नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लच्छूभाऊ आले. हे मोरासमोर उभे राहिले आणि तारीख, वार, पौर्णिमा सगळं खणखणीत वाचून दाखवलं. लच्छूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मी लच्छूभाऊंकडे पाहिलं. ते एक शब्द बोलले नाहीत. एवढी मैत्री त्या माणसात आहे, हे मी कबूल करते. पण त्याच मैत्रीनं पुढे घात केला.

झालं असं. लच्छूभाऊंच्या पुतणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, अहेरीला होतं. कार्तिक संपत आला होता. पुतण्याची जीप होती, आम्ही दोघं, लच्छूभाऊ आणि मिठाईच्या टोपल्या एवढं त्या जीपनं जायचं, आणि निघायच्या वेळेला ड्रायव्हर तापानं फणफणला. सगळे एकमेकांची तोंडं पाहत उभे राहिले. हे पुढे झाले आणि म्हणाले, “एका मानसाच्या तापानं साक्षगंध थांबते काय? गाडी मी घेतो.”

मी नको म्हटलं. दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणणार तर लच्छूभाऊ म्हणाले, वहिनी, मी आहे ना मागे. मागे राहून हा माणूस काय करणार, हे मला तेव्हा कळलं नाही. नंतर कळलं की दोघांनी आपसात ठरवलं होतं. जुन्या सवयीप्रमाणे पत्र्यावर एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, आणि तीन म्हणजे समोर काहीतरी आहे, जपून. म्हणजे डोळे एकाचे आणि हात दुसऱ्याचे, आणि मध्ये मी, मिठाईच्या टोपल्या मांडीवर घेऊन.

वाटेत आष्टी गावाच्या अलीकडे यांनी एकदम गाडी थांबवली आणि हलक्या आवाजात म्हणाले, “कोणी बोलू नका. अस्वल हाय.”

मी पाहिलं. रस्त्याच्या कडेला डांबराचा रिकामा ड्रम पडलेला होता.

“अहो, तो ड्रम आहे.”

“तुले काय समजते? बसला हाय तो.”

हे हॉर्न वाजवीनात, का तर अस्वल बिथरते. आम्ही त्या ड्रमची उठायची वाट पाहत तिथे बसून राहिलो, मागे एक ट्रक येऊन थांबला, त्याचा ड्रायव्हर उतरून काय झालं म्हणून पाहायला आला, आणि तोही बिचारा क्षणभर कुजबुजायला लागला. शेवटी लच्छूभाऊ उतरले, रुबाबात चालत गेले आणि आपला दुपट्टा अस्वलाच्या डोक्यावर ठेवून परत आले. (मग तो आणायला पुन्हा जावं लागलं.) सगळे हसले, हेही हसले. मला मात्र हसू येईना. कारण जो नसलेलं पाहतो त्याला असलेलं दिसेल की नाही, हा विचार माझ्या डोक्यात तेव्हाच येऊन बसला होता.

आणि तसंच झालं. थोडं पुढे गेल्यावर रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापलेल्या धानाच्या रिकाम्या बांध्या, शेतंच शेतं, समोरून ऊन, सगळीकडे नुसता पिवळा उजेड. त्या पिवळ्यात पिवळी, तणसानं, म्हणजे धानाच्या पेंढ्यानं, भरलेली बैलगाडी चालली होती. मला वाटलं, यांना दिसली असेल. यांना वाटलं, काही असतं तर लच्छूनं ठोकलं असतं. आणि लच्छूभाऊ? अस्वलाच्या विजयानंतर त्यांनी डबी काढली होती आणि दोन्ही हातांनी तंबाखू मळून राहिले होते! मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, यांच्या आईचं नाव घेतलं असेल. यांनी हात फिरवला तो मात्र खरा ड्रायव्हरचा. जीप गाडीला नुसती चाटून बांधावरून खाली उतरली आणि बांधीत कलती होऊन उभी राहिली. बैलगाडीचं एक चाक खड्ड्यात गेलं, गाडी तिरपी झाली आणि वर तणसात झोपलेली एक म्हातारी तणसासकट हळूहळू घसरत खाली येऊन रस्त्यावर बसली. बैल जागच्या जागी उभे. त्यांनी साधी मान वळवून पाहिलं नाही.

गाडीवान बैल हाकायची तुतारी उगारून धावत आला. तोंडात शिवी होती ती मला दिसत होती. जवळ आला आणि यांचं तोंड पाहून थांबला. तो वारलू निघाला, ती म्हातारी त्याची माय रुखमा. यांच्याच बसनं त्यांनी वर्षानुवर्षं चामोर्शीचा बाजार केला होता.

“ड्रायव्हरभाऊ,” तो म्हणाला, “तुमी?”

एवढंच. बाई, त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. यांचा चेहरा मी पाहिला नाही, मला पाहवला नाही. रुखमाआजी मात्र रस्त्यावर फतकल मारून बसल्या बसल्या म्हणाली, “काऊन रे गुलाब, एष्टी चालवत होता तवा हात दाखवून दाखवून थकलो तरी थांबत नव्हता. आता बिना हात दाखवल्याचा अंगावर येऊन राह्यला!”

सगळे पोट धरून हसले. वारलू हसला, लच्छूभाऊ हसले, रडता रडता मीही हसले. हे हसले नाहीत. हे जाऊन तिच्यापाशी उकिडवे बसले आणि तिच्या अंगावरचं तणस एकेक काडी काढायला लागले. कितीतरी वेळ लागला. तणस कोणतं आणि म्हातारीचे पांढरे केस कोणते, ते त्यांना कळत नव्हतं. दोनतीनदा केसच ओढला. ती ओय ओय करायची आणि पुन्हा डोकं पुढे करायची. खरचटण्यापलीकडे कोणालाही काही झालं नाही, हे मात्र बरं. मिठाईचा चुरा झाला, तो आम्ही तिथेच सगळ्यांनी खाल्ला. जीप आधी बैलांनी ओढून काढली, मग मागून आलेल्या त्या ट्रकच्या ड्रायव्हरनं ट्रक क्लीनरच्या हाती देऊन ती अहेरीला पोचवून दिली. साक्षगंधही वेळेवर झालं. यांनी तिथे पाणीसुद्धा घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीनं पाल्याचं पाणी समोर ठेवलं. त्यांनी पेला बाजूला सारला.

“सत्यशीला, गाडी होती समोर. बैल होते. म्हातारी होती. मले कायच नाई दिसलं. मले नुसता उजेड दिसत होता.” मग म्हणाले, “डोळ्याच्या शिबिरात माहं नाव लिहून दे.”

मी पदर सावरला आणि तशीच निघाले. मन बदलायच्या आत पोचायला हवं ना! चपला मात्र घातल्या.

शिबिर डिसेंबरात भरलं. नागपूरहून आलेल्या डॉक्टरीणबाई वयानं आपल्या लेकीएवढ्या असतील, पण बोलायला अशा गोड की हे पहिल्या मिनिटाला विरघळले आणि पावसाळाभर खाल्लेल्या एकूण एक भाजीचं नाव त्यांना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. (मी हसले, तर मला बाहेर थांबा म्हणाल्या.) दाराआडून मी सगळं ऐकलं. त्या म्हणाल्या, बाबा, भाजी खाल्ली ते चांगलंच केलं, पुढेही खा, अंधारात दिसायला तिनं मदत होते, रक्ताला चांगली, पोटाला चांगली. पण मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं भिंग गढूळ होणं. उकडलेल्या अंड्याचा पांढरा बलक पुन्हा पातळ होतो का? तसंच ते. ते काढावंच लागतं. मग विचारलं, भाजी कशात करता? हे अभिमानानं म्हणाले, उकडून, तेलाचा थेंब नाही. तर त्या म्हणाल्या, मग अर्धी मेहनत वाया गेली, कारण भाजीतलं ते सत्त्व थोडं तेल असल्याशिवाय अंगी लागत नाही. बाई, तेव्हा मी दार ढकलून आत गेले. मला बाहेर थांबा म्हटलं होतं, पण असं वाक्य आडून ऐकायचं नसतं. त्यांनी असंही सांगितलं की तुमच्या डोळ्याचा आतला पडदा चांगला आहे, दृष्टी येईल. हे लगेच म्हणाले, भाजीनं? त्या म्हणाल्या, ते मी सांगू शकत नाही. 'नाही' म्हणाल्या नाहीत ना, एवढं यांना पुरलं. आजही तेवढंच सगळ्यांना सांगतात, आणि नागभीडला पोचलेली बातमी तीच.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी लच्छूभाऊ धीर द्यायला आले आणि म्हणाले की डोळा बाहेर काढून वाटीत ठेवतात, धुतात आणि परत बसवतात, कधीमधी उलटा बसतो. मी त्यांना दवाखान्याच्या फाटकापर्यंत पोचवून आले. तसं काही नसतं गं. बाजूला सुई टोचतात, डोळा बधिर होतो, आणि घटकाभरात माणूस पट्टी बांधून बाहेर. पट्टी कोणत्या रंगाची, सांग? हिरवी! नंतर दोन्ही कानांशी वाळूच्या पिशव्या, डोकं हलवायचं नाही, खोकायचं नाही, जोरात हसायचं नाही. नर्सबाईंनी लच्छूभाऊंना आत यायलाच बंदी केली, कारण त्यांचं नाक दिसलं तरी यांना हसू फुटायचं. (दिसायचं नाही म्हणा, पण चाहूल लागायची.) आणि पहिल्या जेवणाला ताटात आलं पातळ वरण, मऊ भात आणि पालकाची भाजी. ह्यांनी बोटानं चाचपली, तोंड फिरवलं आणि म्हणाले, “ऑपरेशन झालं न? मंग आता भाजी काऊन?” पण भाजी फोडणीची होती. लसणाचा वास आला. दोन घास खाल्ले, मग ताट पुसून खाल्लं, आणि नर्सबाईंना विचारलं, आमच्या घरी का होत नाही अशी?

मागच्या आठवड्यात चष्मा मिळाला. भिंगं अशी जाड की आमची शेळी यांना म्हशीएवढी दिसते. सुरुवातीला सावली ओलांडायलाही गुडघ्यापर्यंत पाय उचलायचे, आणि चहा बशीत ओतला की अर्धा बशीच्या अलीकडे. आता बसलं सगळं. आता घरोघरी जाऊन कॅलेंडरं वाचतात, बायनाबाईच्या घरचं सुद्धा, आणि तिला नवा झेंडूचा वाफा आखून देऊन आले. माझ्या घराच्या कोपऱ्यातली कोळ्यांची जाळी दिसतात, तांदळातले खडे दिसतात, आणि ते मला सांगतातही. गाडीला मात्र आता हात लावणार नाही, हे त्यांनी लच्छूभाऊंना आपणहून सांगितलं. सांगताना जीपच्या पत्र्यावरून एकदा हात फिरवला, आणि घरी आले.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. भाजी कोणतीही खावी, ताजी, हिरवी, तेलाच्या फोडणीत. आणि ती खाऊन हात धुऊन दवाखान्यात जावं.

श्रीहरीला आणि कांताला आशीर्वाद. तुझ्या पायांना माझा हात लागला असं समज.

तुझी,
सत्यशीला

ता. क. बाई, वर मी काही माहीत नसल्यासारखं विचारलं, पण श्रीहरी मागच्या हप्त्यात ड्युटीच्या कामानं गडचिरोलीला आला तेव्हा इथे उतरला होता. त्यानं सगळं सांगितलं. तू भिंतीला हात लावून अंगणात जातेस, चहात मीठ टाकतेस, आणि विचारलं की चुलीच्या धुरावर ढकलतेस. मी तुले ओळखत नाई काय? या महिन्याच्या शेवटी त्याच डॉक्टरीणबाई पुन्हा चामोर्शीला येऊन राह्यल्या आहेत. मी तुझं नाव लिहून आली. रागावू नको. रागवायचंच असेल त इथी येऊन रागाव, मी बसून ऐकते.

ता. क. दुसरा, फक्त कांतासाठी. कांता, वरचं आणि हे, दोन्ही तुझ्या सासूबाईंना वाचून दाखवू नकोस. ऑपरेशन म्हटलं की त्या गुडघ्याचं कारण पुढे करतील. त्यांना एवढंच सांग की सत्यशीलाबाईंना बरं नाही, भेटायला बोलावलं आहे. लगेच निघतील. दोन लुगडी आणि जाड चादर दे, आणि तू बरोबर ये. कमरेला इथे औषध आहे.

ता. क. तिसरा. बाई, कांतानं ते वाचून दाखवलंच असेल, तिच्या पोटात काही राहत नाही. माझी तब्येत ठणठणीत आहे. तरी ये.

ता. क. चवथा, माझ्या हातानं. बाईले गुलाबचा जयभीम. हिनं लिहिलेलं पूर्ण वाचलं, चष्मा लावून. एक गोष्ट हिनं लिहिली नाई, कारण हिले मी सांगितलीच नाई. मले लई भेव लागत होतं. टेबलावर मी त्या पोरीएवढ्या डॉक्टरीणबाईचा पदर धरून ठेवला होता, तिनं सोडवला नाई. तुमाले भेव लागलं त लाजू नका. अन् आणखी एक. चष्मा मिळाल्यावर पहिल्यांदा हिचं तोंड पाहिलं. हिचे केस पूर्ण पांढरे झाले, हे मले कोणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून मी चोरून पाहून राह्यलो. हिले वाटते मी जाळी पाहतो. तुमी या, तुमच्या लहान बहिणीले तुमीबी पाहून घ्या. पाकीट मी चिकटवतो, हिले हे वाचू देत नाई.